टरफलं कुंडीत टाकण्याआधी

ऑम्लेट झालं की टरफलं हातानेच चुरायची आणि गुलाबाच्या बुडाशी टाकायची, ही पद्धत घरोघरी आहे. झाडाला खत मिळालं, असं आपण धरून चालतो. पण टरफलात सुमारे ९५ टक्के असतं कॅल्शियम कार्बोनेट. आम्लधर्मी जमिनीत मिसळतात तो शेतीचा चुनाही मुख्यतः हाच. नत्र, स्फुरद, पालाश नावापुरतेच. शेणखताची सर त्याला येत नाही.

बरं, कॅल्शियम तरी मिळतं का? जाड तुकड्यांतून जवळजवळ नाहीच. वर्षाने माती बदलायला कुंडी पालथी केली की तेच तुकडे, धारदार कडांसकट, हाताला लागतात. टरफलं धुऊन, कडकडीत वाळवून मिक्सरमधून मैद्यासारखी बारीक काढली, तरच मातीतल्या आम्लाने ती हळूहळू विरघळतात.

आणि मातीत आम्लच नसेल तर? देशावरच्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास, चुनखडीही मुळातच भरपूर. तिथे आणखी चुना कशाला? अशा मातीत झाडाला लोह घेता येत नाही. जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आणि ते पाहून लोक आणखी टरफलं टाकतात! कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे ही पूड कामाची. रत्नागिरीचा सल्ला सोलापुरात चालेलच असं नाही.

टोमॅटोचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम कमी पडल्याने, हे खरं. पण ते बहुधा मातीत कमी नसतं, फळापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बादली ओतली तर टरफलं काय करणार? पाणी नेमाने द्या, मातीवर पालापाचोळा पसरा.

गोगलगायींना अडवायला कुंडीभोवती टरफलांचं कडं करतात, तेही फुकट. चिकट स्रावावरून त्या आरामात पलीकडे जातात. शिवाय शंख घडवायला त्यांना चुना लागतोच, म्हणजे आपण वाटेत फराळ मांडला! २०२२मध्ये लातूर-बीडकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, त्यांना टरफलांनी काय होणार? संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचाव्यात, हे बरं.

अंडी उकडलेलं पाणी मात्र गार करून खुशाल झाडाला घाला. त्यात विशेष काही नसतं, पण पाणी वाया जात नाही. उकडताना मीठ टाकलं असेल तर मोरीतच ओता.