मार्ग्राटेनचे दत्तक सैनिक

मास्ट्रिख्ट (नेदरलँड्स) : अमेरिकेहून कुणी आपल्या आजोबांची किंवा काकांची कबर पाहायला मार्ग्राटेनला आले, की दफनभूमीतला कर्मचारी एक बादली घेऊन त्यांच्याबरोबर निघतो. बादलीत ओली वाळू असते, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून आणलेली. पांढऱ्या संगमरवरी क्रुसावर कोरलेले नाव फोटोत धड उमटत नाही. म्हणून तो वाळू अक्षरांच्या खाचांत चोळतो, वरची पुसून काढतो आणि नाव तपकिरी-सोनेरी रंगात उठून दिसते. घरचे लोक त्या नावाजवळ उभे राहून फोटो काढतात. पुढच्या पावसात वाळू धुऊन जाते.

नेदरलँड्स म्हटले की सपाट जमीन, कालवे आणि ट्युलिप आठवतात. लिम्बर्ग प्रांताचा हा दक्षिण भाग मात्र टेकड्यांचा आणि फळबागांचा आहे. मास्ट्रिख्टपासून दहा किलोमीटरवर, मार्ग्राटेन गावाला लागून, या देशातली दुसऱ्या महायुद्धाची एकमेव अमेरिकन लष्करी दफनभूमी आहे. आठ हजारांहून जास्त कबरी, आणि ज्यांचे देह सापडले नाहीत अशा सतराशेहून जास्त सैनिकांची नावे भिंतींवर. सख्ख्या भावांच्या ४० जोड्या इथे आहेत. गवत कापणे, दगड धुणे ही कामे अमेरिकी सरकारची संस्था चोख करते. पण ही जागा वेगळी ठरते ती इथल्या लोकांमुळे. इथली प्रत्येक कबर कुणी ना कुणी दत्तक घेतलेली आहे. भिंतींवरची नावेही दत्तक गेली आहेत, आणि नव्याने इच्छा असणाऱ्यांना प्रतीक्षा यादीत थांबावे लागते. युद्ध संपून ८० वर्षे झाली तरी यादी संपत नाही.

हे सुरू कसे झाले? सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकन फौजांनी नेदरलँड्सचा हाच कोपरा सर्वांत आधी मुक्त केला. चार वर्षे जर्मन अंमलाखाली काढलेल्या गावकऱ्यांनी या पोरांना घरात ठेवून घेतले. स्वयंपाकघरात एकत्र जेवणे झाली, मुलांना चॉकलेट मिळाले, नावे-गावे ठाऊक झाली. मग ती पोरे पूर्वेला, जर्मनीच्या आघाडीवर गेली आणि त्यांतली कित्येक ट्रकमधून मृतदेह होऊन परत आली. त्यांना पुरण्यासाठी लष्कराने मार्ग्राटेनची शेते निवडली.

खड्डे खणले ते मुख्यतः कृष्णवर्णीय सैनिकांनी. अमेरिकन सैन्यात तेव्हा वर्णभेद होता. कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या, आणि असली कामे त्यांच्या वाट्याला. अलाबामाचा जेफरसन विगिन्स हा त्यांतलाच एक. वय अवघे १९. १९४४ च्या पावसाळी, गोठवणाऱ्या हिवाळ्यात कुदळ-फावड्याने चिखलात खणत राहायचे, आणि शेजारी प्रेतांची रांग. विगिन्स यांनी याविषयी कितीतरी दशके अवाक्षर काढले नाही. म्हातारपणी ते पुन्हा मार्ग्राटेनला आले तेव्हा कुठे त्यांची हकिगत डच लोकांना कळली आणि पुढे तिचे पुस्तक झाले.

३० मे १९४५ ला, युद्ध संपून महिनाही झाला नव्हता, तेव्हा इथे पहिला अमेरिकन स्मृतिदिन पाळला गेला. आसपासच्या खेड्यांतून ट्रक भरभरून फुले आली. त्याच काळात कबरी दत्तक देण्याची व्यवस्था उभी राहिली. मास्ट्रिख्टच्या महापौरांच्या पत्नी एमिली मिखिल्स व्हान केसेनिख यांनी अमेरिकेतल्या घरांशी पत्रव्यवहार चालवला, आणि १९४६ मध्ये त्या स्वतः तिकडे जाऊन शोकाकुल कुटुंबांना भेटल्या.

या भेटीचे मोल त्या काळची एक गोष्ट ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. युद्धानंतर अमेरिकन सरकारने प्रत्येक घराला विचारले होते : तुमच्या माणसाचा देह मायदेशी आणायचा, की तिथेच राहू द्यायचा? सुमारे ६० टक्के घरांनी परत मागितला. उरलेल्यांनी समुद्रापलीकडची, कदाचित कधीच नजरेस न पडणारी जागा मान्य केली. आपण नसलो तरी तिथे फूल ठेवायला एक बाई आहे, तिचे नाव-पत्ता आपल्याकडे आहे, हा आधार एखाद्या आईला किती मोठा वाटला असेल!

असे इथेच राहिलेल्यांपैकी एक लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट कोल. नॉर्मंडीत कॅरेंटानजवळ संगिनी लावून केलेल्या चढाईबद्दल त्यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, जाहीर झाले. पण त्याआधीच, १८ सप्टेंबर १९४४ ला, नेदरलँड्समधल्या बेस्ट गावाजवळ ते गोळी लागून पडले. पदक त्यांच्या आईने स्वीकारले. शेजारी पत्नी आणि दोन वर्षांचा मुलगा होता.

दत्तक म्हणजे मालकी नव्हे, कायदेशीर हक्कही नव्हे. मिळते ते एक नाव आणि जबाबदारी. ठरावीक दिवशी फुले न्यायची, नातेवाईक सापडले तर त्यांना लिहायचे, ते आले तर त्यांच्यासोबत कबरीपर्यंत चालायचे. आजीकडून आईकडे, आईकडून नातीकडे ही जबाबदारी जाते. या घरांत त्या माणसाला ‘आमचा सैनिक’ म्हणतात.

खरे कष्ट पुढे आहेत. क्रुसावर नाव, हुद्दा, तुकडी, राज्य आणि मृत्यूची तारीख असते. जन्मतारीख नसते. पडलेला जवान १९ वर्षांचा होता की ३५ चा, दगड सांगत नाही. म्हणून दत्तक घेणारे जुनी जनगणना धुंडाळतात, गावच्या वर्तमानपत्रांचे अंक शोधतात, पुतण्या-भाच्यांना पत्रे धाडतात. मिळालेले फोटो डच स्वयंसेवकांनी एकत्र केले आणि २०१५ पासून काही वर्षांच्या अंतराने ते मे महिन्यात कबरींशेजारी लावले जातात. एरवी सारख्या दिसणाऱ्या ओळींतून अचानक हसरे, लाजरे, टोपी तिरपी घातलेले चेहरे समोर येतात. एवढ्या कबरींचे स्मारक करणे कुठल्याही सरकारला जमते. चेहरा शोधून आणायला घरातलेच, नाही तर घरच्यासारखे माणूस लागते.

म्हणूनच २०२५ मध्ये इथल्या माहिती केंद्रातून कृष्णवर्णीय सैनिकांविषयीचे दोन फलक काढले गेले, तेव्हा लिम्बर्गमध्ये संताप उसळला. एक फलक जॉर्ज प्रुइट या २३ वर्षांच्या सैनिकाचा होता. बुडणाऱ्या सहकाऱ्याला वाचवताना त्याचा जीव गेला होता. लोकांनी निषेध केला, स्थानिक पुढाऱ्यांनी फलक परत लावण्याची मागणी केली. ज्यांनी कबरी खणल्या त्यांनाच आठवणीतून वगळणे हा अन्याय आहे, आणि तो सर्वांत आधी बोचला तो या कबरींवर फुले वाहणाऱ्यांना.

मराठी वाचकाला इथे नाईक यशवंत घाडगे आठवतील. माणगाव तालुक्यातला हा २२ वर्षांचा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान १० जुलै १९४४ ला इटलीत पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर ज्ञात नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. माणगावात पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने सूर्यघड्याळाच्या रूपात त्याचे स्मारक उभारले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि गाव ते विसरलेले नाही. पण व्हिक्टोरिया क्रॉस न मिळालेल्या, मोठ्या फौजी गावात न जन्मलेल्या शेकडो जवानांचे काय?

कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात ज्यांच्या घरी जुन्या ट्रंकेत एखादे पदक, पलटणीचा कागद किंवा लष्करी वेशातला फोटो असेल, त्यांनी घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर तो बाहेर काढावा. फोटोमागे नाव, गाव, जन्मसाल आणि पलटण पेन्सिलीने लिहून ठेवावी. युद्धात कामी आलेल्याचे नाव राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत शोधता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.