भोगवर्धनाचा शोध आणि शोधशब्दांची शिस्त

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांच्या शिलालेखांत या नगरीच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १९७३ साली येथे उत्खननही झाले. या दात्यांची नावे पाहू इच्छिणारा अभ्यासक संगणकावरील लेखसंग्रहात 'भोगवर्धन' हा शब्द देतो, आणि मूळ लेखांतील एकही ओळ त्याच्या हाती लागत नाही. कारण ते लेख प्राकृतात असून तेथे नगरीचे नाव 'भोगवढन' असे येते. संगणक अक्षरे जुळवितो, अर्थ जाणत नाही.

येथे वाइल्डकार्ड उपयोगी पडते. * हे चिन्ह पुढील कितीही अक्षरांची जागा घेते. 'भोगव*' असे दिल्यास दोन्ही रूपे, त्यांच्या विभक्तिप्रत्ययांसह, सापडतात. ? हे चिन्ह मात्र सामान्यतः एकाच चिन्हापुरते असते. 'र्ध' हे आपल्याला एक जोडाक्षर दिसते, पण संगणक त्यात र, हलन्त व ध अशी तीन चिन्हे मोजतो. म्हणून 'भोगव?न' या शोधात 'भोगवढन' सापडेल, 'भोगवर्धन' निसटेल.

तथापि 'भोगव*' मध्ये 'भोगवटा' हा जमीनविषयक शब्दही येणार. अशा वेळी इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या तर्कगणितावरून आलेली तीन पदे कामी येतात. 'अँड' दोन्ही शब्द असलेलेच लेख देते, 'ऑर' दोहोंपैकी कोणताही असलेले देते, 'नॉट' नको तो शब्द असलेले वगळते. अनेक ठिकाणी ही पदे रोमन मोठ्या अक्षरांत लिहावी लागतात. आमच्या मते योग्य मांडणी अशी:

भोगव* अँड (सांची ऑर भारहुत ऑर भरहुत)

कंसातील भाग आधी सोडविला जातो. भारहुतची दोन्ही लेखनरूपे त्यात मुद्दाम दिली आहेत. 'नॉट भोगवटा' मात्र आम्ही जपून वापरू. भोकरदनचा इतिहास व तेथील जमिनीचा भोगवटा एकाच लेखात असेल, तर तो संपूर्ण लेखच वगळला जाईल.

'नोंद सापडली नाही' एवढ्यावरून 'नोंदच नाही' असे ठरवू नये. आपल्या पूर्वसूरींचा इतिहास आधीच पुष्कळ झाकला गेला आहे. शोधशब्दाच्या उणिवेने त्यात भर पडू नये. 'ये आणि पाहा' हे धम्माचे आवाहन आहे. पाहण्याची रीतही शिकून घेणे, हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.