'कसे?' एवढेच विचारा

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही दहावी-बारावी झालेली मुले नोकरीच्या मुलाखतीत कधीकधी 'आय वर्क हार्डली' म्हणून जातात. सांगायचे असते, 'मी कष्टाने काम करतो'. समोरच्याला कळते, 'मी काम जेमतेमच करतो'. एका शब्दाने अर्थ उलटला!

हा सारा खेळ रीतिवाचक क्रियाविशेषणाचा. क्रिया कशी घडते, हे ते सांगते. बहुतेक वेळा विशेषणाला 'एल-वाय' जोडले की ते तयार होते. स्लोचे स्लोली, केअरफुलचे केअरफुली. आपल्या मुलांना ही रीत परकी नाही. मराठीत 'शांत'चे 'शांतपणे' होते, उर्दूत 'मजबूर'चे 'मजबूरन'. मकतबमध्ये 'ठहर ठहर के पढ़ो' असे सांगतात, तेव्हा पढण्याची रीतच सांगितलेली असते.

घोटाळा होतो तो 'चांगला' या शब्दापाशी. आपण म्हणतो, मुलगा चांगला खेळतो, मुलगी चांगली खेळते. शब्द खेळणाऱ्याप्रमाणे बदलतो. त्याच सवयीने मुले 'शी प्लेज गुड' लिहितात. इंग्रजी मात्र माणूस आणि त्याचे काम वेगळे धरते. मुलगी चांगली, तर 'गुड'. तिचे खेळणे चांगले, तर 'वेल'. म्हणून 'शी प्लेज वेल'.

काही शब्द रूप बदलत नाहीत. आम्ही आसनगावच्या मुलांना स्टेशनाचेच उदाहरण देतो. 'फास्ट लोकल' म्हटले की फास्ट हे गाडीचे विशेषण. 'द ट्रेन रन्स फास्ट' म्हटले की तेच धावण्याचे क्रियाविशेषण. 'फास्टली' नाही. 'हार्ड'चेही तसेच, म्हणून 'आय वर्क हार्ड'. उलट फ्रेंडली, लव्हली यांच्या शेवटी 'एल-वाय' असूनही ती विशेषणेच आहेत.

जागाही सांभाळावी. 'ही ओपन्ड द डोअर स्लोली' बरोबर. 'ओपन्ड' आणि 'द डोअर' यांच्या मध्ये 'स्लोली' घालू नये.

माता-भगिनींनो, इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. मुलाने वाक्य लिहिले की आपल्या भाषेत विचारा, 'हा शब्द माणसाबद्दल आहे की त्याच्या कामाबद्दल?' कामाबद्दल असेल तर पुढे विचारा, 'काम कसे केले?' उत्तर शोधताना अर्धे व्याकरण मूल स्वतःच शिकेल.