सापाच्या अंगावरील कोळी : नाव आणि बंदोबस्त

मराठीत सापांच्या नावांची उणीव नाही. वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या अंजनवेलसारख्या गावात वावरणाऱ्या माणसाला फुरसे, घोणस, मण्यार, धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ ही नावे लहानपणापासून परिचयाची असतात. तिन्हीसांजेनंतर ‘साप’ हा शब्दच उच्चारू नये, म्हणून ‘जनावर’, ‘किरडू’, ‘लांबडे’ असे पर्यायही कोकणी बोलीने राखून ठेवले आहेत. फुरशाला तर रत्नागिरी जिल्ह्याच्या सरकारी दप्तरातही स्थान मिळाले; एकोणिसाव्या शतकात बक्षिसे लावून तेथे फुरशी लाखांच्या संख्येने मारली गेली. तथापि सापाच्याच अंगावर राहून त्याचे रक्त शोषणारा जो मोहरीहून लहान जीव, त्याला मात्र मराठीत रूढ नाव नाही. ही उणीव केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय नव्हे, कारण चुकीच्या नावामागोमाग चुकीचा उपाय येतो.

प्राणिशास्त्रात या जीवास ‘ओफिओनिसस नॅट्रिसिस’ म्हणतात. जेर्व्हे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1844 मध्ये त्याचे वर्णन केले. ‘ओफिस’ म्हणजे साप आणि ‘निसो’ म्हणजे टोचणे. ग्रीकमधील या दोन शब्दांत त्याचे सारे चरित्र आले. इंग्रजीतील ‘माइट’ या संज्ञेसाठी मराठी शेतकी लेखनात ‘कोळी’ हा शब्द रुळला असून, नारळाला लागणाऱ्या ‘इरिओफाईड कोळ्या’मुळे तो कोकणातील बागायतदारांनाही परिचित झाला आहे. शास्त्रदृष्ट्या हा शब्द योग्यच आहे, कारण पूर्ण वाढलेला माइट अष्टपाद असून जाळे विणणाऱ्या कोळ्याचाच आप्त आहे. परंतु लोकभाषेत कोळी म्हणजे जाळे विणणारा किंवा जाळे टाकणारा. साहजिकच सापाच्या खवल्यांत काळे ठिपके हलताना पाहणारा मनुष्य त्यांना ‘उवा’ म्हणतो, नाही तर ‘गोचिडी’.

येथेच घोटाळा होतो. ऊ जन्मभर यजमानाच्या अंगावर राहते आणि लिखाही केसालाच चिकटवते. म्हणून अंग स्वच्छ केले की काम भागते. गोचीड एकेक करून उपटता येते. भारतात नाग, धामण, अजगर यांच्या अंगावर खरी गोचीडही आढळते. तिच्याबाबत गोचीड हा शब्दही बरोबर आणि ती चिमट्याने काढण्याचा उपायही बरोबर. प्रस्तुत कोळ्याची रीत मात्र या दोहोंहून भिन्न आहे. तो रक्त पिण्यापुरता अंगावर येतो, पोट भरले की उतरतो आणि अंडी घालतो ती पेटीच्या सांधीत, लाकडाच्या भेगेत, अंधाऱ्या व दमट जागी. मराठी घराला परिचित असलेला याचा खरा जोडीदार ऊ नव्हे, गोचीड नव्हे, तर ढेकूण होय. ढेकूण झाले असता माणसाला कोणी औषध चोपडत नाही. खाट उन्हात टाकतात आणि तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओततात. सापाच्या पेटीलाही हाच न्याय लागू पडतो.

जोसेफ कॅमिन या अमेरिकी अभ्यासकाने 1953 मध्ये या कोळ्याचा जीवनक्रम तपशिलाने मांडला. अंड्यातून एक ते चार दिवसांत षट्पाद अळी निघते, ती काहीच खात नाही. तिची पुढील अवस्था रक्त पिते, त्यानंतरची पुन्हा उपाशी राहते, आणि प्रौढावस्थेत रक्तपान सुरू होते. अनुकूल उष्म्यात हा क्रम सुमारे 13 ते 19 दिवसांत पुरा होतो. कोरड्या हवेत अंडी सुकून जातात. कोकणच्या पावसाळी हवेत तसे होण्याची आशा नाही. रानातील सापाला हा उपद्रव फारसा जाणवत नाही, कारण तो सरपटत पुढे जातो व अंडी मागे राहतात. बंदिस्त सापाला मात्र पुढे जाण्यास जागाच नसते.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास पडून राहतो, भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे कण साचतात, खवल्यांवर पांढरी धूळ दिसते. डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची खाच येथे कोळी दाटीने बसतात. साप खाणे टाकतो, कात तुकड्यातुकड्यांनी निघते. रक्तक्षय हा एक धोका; दुसरा असा की हे कोळी एका सापाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याकडे नेतात.

उपायांत साप आणि पेटी यांचा विचार एकाच दिवशी व्हावा. सापाला कोमट पाण्यात, डोके वर राहील एवढ्याच खोलीत, देखरेखीखाली अर्धा तास ठेवल्यास पुष्कळ कोळी बुडून मरतात. डोक्यावरचे मात्र वाचतात, म्हणून स्नान हा पुरा उपाय नव्हे. पेटीतील माती, भुसा, पालापाचोळा, लाकूड जाळून टाकावे. पेटी उकळत्या पाण्याने, सांध्यासांध्यांतून, धुवावी. ती पूर्ण सुकल्यावर तळाशी केवळ कोरा कागद अंथरावा व तो रोज बदलावा. औषध पशुवैद्याने ठरवावे. आयव्हरमेक्टिन किंवा फिप्रोनिल यांचा वापर होतो. पण मात्रा वजनावर अवलंबून असते, आणि आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक असल्याने शेजारी कासव असेल तर ते वैद्यास अवश्य सांगावे. रॉकेल, तंबाखूचे पाणी, डांबराच्या गोळ्या हे घरगुती उपाय कोळ्याआधी सापाचा जीव घेऊ शकतात. दोन आठवड्यांनी सारे पुन्हा करावे लागते, कारण औषध अंड्यांना सहसा मारत नाही. पहिल्या खेपेचे यश पाहून दुसरी खेप टाळणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

हे ज्ञान कोणाच्या उपयोगाचे, असा प्रश्न उचित आहे. भारतातील साप घरी पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. बॉल पायथनसारखा परदेशी साप बाळगणाऱ्यास, 2022 ची दुरुस्ती 2023 च्या एप्रिलमध्ये अंमलात आल्यापासून, नोंदणी बंधनकारक आहे. पुण्याच्या कात्रजचे सर्पोद्यान, विषसंकलनासाठी साप ठेवणाऱ्या संस्था आणि गावोगावचे सर्पमित्र यांचा संबंध मात्र रोजचा येतो. वनखात्याला कळवून धामण एका रात्रीपुरती पेटीत ठेवली, सकाळी रानात सोडली आणि त्याच पेटीत दुपारी नाग ठेवला, तर पहिल्या सापाचे कोळी दुसऱ्याला मिळतात. त्यासाठी दोन सापांच्या मध्ये पेटी उकळत्या पाण्याने धुणे, शक्य तर कापडी पिशवी वापरून ती उकळणे, आणि नव्या सापाला जुन्यांपासून काही आठवडे वेगळे ठेवणे, एवढे पथ्य पुरते.

राहता राहिले नाव. ‘सर्पकोळी’ हा समास शास्त्राला धरून आहे आणि उच्चारास सुलभ आहे. पण तो ऐकून कोणी पेटी धुवायला उठेल असे वाटत नाही. ‘सापढेकूण’ शास्त्रदृष्ट्या सदोष आहे, कारण ढेकूण षट्पाद कीटक आहे. तरीही अंजनवेलच्या एखाद्या सर्पमित्राने हा दुसरा शब्द उचलला, तर पारिभाषिक समितीने त्यास फार हरकत घेऊ नये.