खुराडं जानेवारीत मोजावं

मिनेसोटा, व्हरमाँट अशा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत परसात पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांना डिसेंबरात हटकून वाटतं, की अंडी मिळेनाशी झाली, तेव्हा कोंबड्या वाढवायला हव्यात. पण अंडी थांबतात ती थंडीपेक्षा उजेडाअभावी. अंड्यावर टिकून राहायला कोंबडीला रोज 14 ते 16 तास उजेड लागतो आणि मिनियापोलिसचा डिसेंबरातला दिवस नऊ तासांचाही नसतो. त्यातच शरदात पिसं झडलेली. अशा वेळी मोठ्या कोंबड्या आणल्या, तर खाद्याचा खर्च तेवढा वाढतो. एप्रिलमधली पिल्लं मात्र 18 ते 22 आठवड्यांनी, सप्टेंबरच्या सुमारास, अंड्यावर येतात आणि या तलंगा बहुधा पहिला हिवाळा अंडी देत राहतात. ऑगस्टमधली पिल्लं वयात येतात ती ऐन अंधारात. त्यांचं पहिलं अंडं वसंतापर्यंत लांबू शकतं.

‘जास्त कोंबड्या, जास्त ऊब’ हा समज अधिक घातक. कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठा यांतून भरपूर ओल सुटते. दाटीच्या, बंद खुराड्यात ती साचते, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो आणि हिमदंशाने तुरे काळे पडतात. कोरड्या थंडीपेक्षा ही दमट हवाच बाधते. म्हणून झरोके हवेत, पण बसायच्या दांड्यांच्या वर, अंगावर झोत येणार नाही असे. जागा दर कोंबडीला साधारण चार चौरस फूट धरतात. उन्हाळ्यात त्या दिवसभर बाहेर हिंडतात, त्यामुळे दाटी जाणवत नाही. बर्फ पडला की सगळ्या आत कोंडल्या जातात आणि एकमेकींना टोचू लागतात. चार बाय आठ फुटांच्या खुराड्यात आठच. सहा असतील, तर आणखी दोन, मग हॅचरीचा कॅटलॉग कितीही खुणावो.

उबेसाठी दिवा लावून भागेल म्हणाल, तर पूर्ण पिसांच्या, थंडीला काटक कोंबडीला त्याची सहसा गरजच नसते. उष्णतेच्या दिव्यांनी आगी मात्र लागतात. क्युबेकमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेल्या शांतक्लेर जातीचा तुरा तर इवलासा, हिमदंशाला जागाच कमी. ऊब पिल्लांना लागते: पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी, साधारण सहा आठवडे.

नव्या कोंबड्या थेट कळपात सोडू नयेत. महिनाभर वेगळ्या ठेवाव्यात, मग काही दिवस जाळीपलीकडून दिसू द्याव्यात. बर्फात ही दुसरी जागा कुठून आणणार? आणि आणायच्या तर निदान दोन; एकटीवर सगळ्यांच्या चोची पडतात.