कंपवात ओळखणारी नजर

कंपवात, डिस्टोनिया, हंटिंग्टनचा आजार, औषधांमुळे येणारा ताठरपणा अशा हालचाल बिघडवणाऱ्या विकारांचा अभ्यास ही मेंदूविकारशास्त्राची उपशाखा आहे. वैद्यकीय महाविद्यालयात तिच्या प्रमुखाला रुग्ण, विद्यार्थी आणि संशोधन एकाच वेळी सांभाळावे लागते. गोव्यातील पेडणे-डिचोलीच्या रुग्णासाठी सरकारी महाविद्यालय म्हणजे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. त्याची परंपरा १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज वैद्यकशाळेपासूनची.

कंपवाताचे निदान मुख्यतः डोळ्यांनी होते. रुग्णाला अंगठ्यावर तर्जनी भराभर टेकवायला सांगतात. कंपवात असेल तर ही हालचाल मंदावत, आखडत जाते. चालताना एक हात झुलत नाही. अक्षर बारीक होते. एम.डी.नंतर तीन वर्षे डी.एम. करणाऱ्या विद्यार्थ्याची नजर इथेच तयार होते. नुसत्या स्कॅनवर विसंबून भागत नाही. घरची औषधांची पिशवीही उघडून पाहावी लागते. चक्करेवरची सिनारिझिन किंवा उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड दीर्घकाळ घेतली, तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात.

उपचाराचा कणा म्हणजे लेव्होडोपा. खाजकुयलीच्या बियांतही ते असते, पण प्रमाण बेभरवशाचे. मासळी-डाळीतील प्रथिने त्याच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून गोळी सहसा जेवणाआधी अर्धा तास देतात. पुढे गोळीचा अंमल लवकर उतरू लागतो. तेव्हा निवडक रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवतात. त्यासाठी शल्यविशारद, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची मोट बांधणे हे प्रमुखाचे सर्वांत किचकट काम. रुग्णाने मात्र लेव्होडोपा आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. ते जिवावर बेतू शकते.