नाव न घेताही ओळख पटते

अत्याचारास बळी पडलेल्या बालकाविषयी गुप्त ठेवावयाची माहिती कोणती, असे विचारले असता बहुतेकांना प्रथम नाव आठवते. नाव लिहिले नाही म्हणजे गुप्तता पाळली गेली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. फौजदारी कायद्याची दृष्टी याहून सूक्ष्म आहे.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाचे, म्हणजेच ‘पोक्सो’चे कलम २३ पाहावे. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, वस्ती आणि ज्यायोगे बालकाची ओळख उघड होईल असा अन्य कोणताही तपशील प्रसारमाध्यमांतील वृत्तात देण्यास त्याने मनाई केली आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे कलम ७४ वृत्तपत्रांबरोबरच संपर्काच्या अन्य साधनांचाही उल्लेख करते. दोन्ही ठिकाणी ‘शाळा’ हा शब्द स्वतंत्रपणे आलेला आहे, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

व्याख्येचे मर्म तिच्या अखेरच्या शब्दांत आहे. माहिती गुप्त ठरते ती तिच्या स्वरूपावरून नव्हे, तर परिणामावरून. समजा, एखाद्या गावी चौथीच्या वर्गात दोनच मुली आहेत. ‘आमच्या शाळेतील चौथीच्या मुलीवर प्रसंग ओढवला’ एवढेच वाक्य भ्रमणध्वनीवरील गटात गेले, तरी सायंकाळपर्यंत साऱ्या गावास ती मुलगी कोण हे कळते. शहरात निरुपद्रवी ठरणारा तपशील खेड्यात बोट दाखविल्यासारखाच असतो.

सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणी २०१८ साली हेच तत्त्व स्पष्ट केले. पीडिता राज्याच्या शालान्त परीक्षेत पहिली आली होती, एवढे सांगितले तरी तिची ओळख पटते, असे उदाहरण न्यायालयाने दिले. भारतीय दंड संहितेत १९८३ साली घातलेले कलम २२८-अ याच हेतूचे होते; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती तरतूद कायम असून, तीत दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे.

तथापि गुप्तता म्हणजे मौन नव्हे. पोक्सोच्या कलम १९ अन्वये, असा गुन्हा घडल्याचे ज्यास ठाऊक आहे त्याने तो स्थानिक पोलिसांस अथवा विशेष बाल पोलीस पथकास कळविलाच पाहिजे. न कळविणे हा कलम २१ अन्वये गुन्हा आहे. शाळेच्या अब्रूचे कारण तेथे चालत नाही. कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यास संपूर्ण माहिती द्यावी, अन्य कोणासही देऊ नये, इतकी ही मर्यादा सरळ आहे.

म्हणून बालकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शांतपणे ऐकावी, कुतूहलापोटी पुनःपुन्हा विचारू नये आणि विनाविलंब योग्य ठिकाणी कळवावी. हजेरीपत्रकातील शेऱ्यात, केंद्रसंमेलनातील गप्पांत वा पालकसभेत तिचा सूचक उल्लेखही टाळावा. खटला काही काळाने संपतो. त्या मुलीस मात्र त्याच गावात, त्याच वर्गात पुढे शिकावयाचे असते. तिचे बसण्याचे स्थान पूर्वीसारखेच तिचे राहावे, यासाठी ही व्याख्या आहे.